मध्यंतरातली कॉफी

४ फेब्रुवारी, सोमवार

आमच्या वर्बोवो गावच्या वाचनालयाच्या सभागृहात दोनशे दहा खुर्च्या आहेत. त्यांतल्या दोनशे नऊ निर्दोष आहेत. चौथ्या रांगेतली सातवी माझी. तिच्या गादीतून एक स्प्रिंग डोकं वर काढून बसली आहे आणि नाटकात जरा रंग भरू लागला की ती आपलं मत मांडते. अकरा वर्षं मी समितीकडे लेखी तक्रार करतो आहे. या काळात तीन सरकारं पडली, आमचा नगराध्यक्ष तुरुंगात जाऊन पुन्हा नगराध्यक्ष झाला, पण स्प्रिंग जागची हलली नाही. लोक म्हणतात, शेजारच्या खुर्चीत बस. लोकांना तत्त्व नावाची गोष्ट कळत नाही.

आज त्या स्प्रिंगवर दोन तास काढले, कारण स्तामेनची तालीम. स्तामेन तीस वर्षं शेजारच्या लोझेन गावच्या बसवर ड्रायव्हर होता आणि तेवढीच वर्षं हौशी रंगभूमीवर पत्र आणणारा, दार उघडणारा शिपाई, तिसरा पाहुणा. यंदा मात्र त्सोनकाबाईंनी त्याला नायक केलाय. त्सोनकाबाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण कान उपटण्यातून नाही. नाटकही त्यांनीच लिहिलंय. एक कंजूष व्यापारी, आपल्यामागे कोण रडतं हे बघायला मेल्याचं सोंग घेतो आणि सबंध दुसरा अंक शवपेटीत पडून नातेवाइकांची मुक्ताफळं ऐकतो.

"बरंय की," मी म्हणालो. "नायक आडवा. पाठांतर नाही."

"पडून ऐकत राहणं सोपं वाटतं का तुला, लेखकराव?"

जाताना नेहमीचं पालुपद. "माझी कॉफी देणं लागतोस तू."

नऊ वर्षांपूर्वी एका नाटकाच्या मध्यंतरात मी त्याच्यासाठी कॉफी आणायला गेलो आणि हात हलवत परत आलो, ती ही कॉफी. त्यानंतर मी त्याला निदान हजार कॉफ्या पाजल्या असतील.

"त्या वेगळ्या," तो म्हणतो. "ती अजून यायचीय."

मी विषय बदलला. त्या दिवसाबद्दल मी या वहीत लिहीत नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार

वीस वर्षं साप्ताहिकात जिवंत माणसांची टिंगल केली. साप्ताहिक बंद पडलं. आता हरालांपीच्या अंत्यसंस्काराच्या दुकानात बसून मेलेल्यांची निधनपत्रकं लिहितो. शैली बदलावी लागली, पण गिऱ्हाईक तक्रार करत नाही हे खरं.

हरालांपीने नाटकासाठी शवपेटी उसनी दिली. अट एकच: ओरखडा नको, सोमवारी परत. स्तामेन मापाला आडवा झाला. दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं सैल.

"गेल्या वर्षी नसता मावला," हरालांपी म्हणाला.

स्तामेनने पट्ट्याला नवीन भोक पाडलंय, तेही खिळ्याने. भूमिकेसाठी बारीक होतोय गडी! बासष्टाव्या वर्षी नट्टापट्टा सुचलाय. कँटीनमध्ये सॉसेज पुढे केलं तर म्हणाला, नको, चहाच बरा. नायक झाल्यापासून फारच नाजूक झालेत साहेब.

२० फेब्रुवारी, बुधवार

तिकिटं खपली चौदा. त्यांतली नऊ नटांच्या नातेवाइकांना. त्सोनकाबाई रडकुंडीला.

तेव्हा मला एक अफलातून कल्पना सुचली. स्तामेनने फक्त एवढंच विचारलं होतं, "आपल्या गावात लोक वाचतात तरी काय रे?" वर्तमानपत्र कुणी वाचत नाही, जाहिरातीकडे कुणी बघत नाही. पण झाडावर, बसथांब्यावर, दारावर काळ्या चौकटीचं निधनपत्रक दिसलं की ते वाचल्याशिवाय एक माणूस पुढे सरकत नाही. मग नाटकाची जाहिरात निधनपत्रक म्हणूनच का छापू नये? स्तामेनचा फोटो, काळी चौकट, शनिवार, सात वाजता, वाचनालयाचं सभागृह!

"बाप रे," स्तामेन म्हणाला. "काय डोकं आहे तुझं."

इतक्या वर्षांत त्याने प्रथमच माझं कौतुक केलं.

१ मार्च, शुक्रवार

मजकूर झाला. "अत्यंत दुःखाने कळवण्यात येते की सर्वांचे लाडके स्तामेन यांनी आपल्यातून जाण्याचे ठरवले आहे. अंत्यदर्शन: शनिवार, ९ मार्च, सायंकाळी ७, वाचनालय सभागृह." खाली एक ओळ: विनोदी नाटक, तिकिटे खिडकीवर.

ही खालची ओळ मी ठळक टाकली होती. स्तामेनने ती मुंगीएवढी करायला लावली.

"अरे, मग विनोद कळणार कसा?"

"ज्याला कळायचा त्याला कळेल. मरण कसं, भारदस्त पाहिजे."

फोटो त्याने घरून आणला, जुना, गालांवर मांस असतानाचा. कुठल्याशा घरगुती फोटोतून कापलेला. खांद्यावर एका लहान मुलीची चार बोटं राहून गेलीत. मी ती पुसायला लागलो तर हात धरला त्याने. "राहू दे ती."

आज एक मार्च, म्हणून रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी आयुरारोग्यासाठी मनगटाला लाल-पांढरे दोरे बांधले, आपल्या माणसांनाही दिले. स्तामेनने दोन घेतले. एक बांधला, एक खिशात.

"तो कुणाला?"

"असू दे. आलं कुणी तर."

५ मार्च, मंगळवार

चाळीस पत्रकं. एकोणचाळीस गावात चिकटवली. लोक थांबतात, हबकतात, वाकून मुंगी वाचतात आणि शिव्या घालत तिकीट काढतात. दुपारपर्यंत साठ गेली. बेकरीवालीने तर स्तामेनला दारात बघून क्रूस केला आणि मग पाव फेकून मारला.

चाळिसावं स्तामेनने लोझेनच्या बसथांब्यावर लावायला सांगितलं. चौदा किलोमीटर! नाटकाला लोझेनहून काळं कुत्रं येत नाही.

"माझा शेवटचा थांबा तो. तीस वर्षांचा मान आहे."

"तिथे देस्पिना राहते."

"राहते ना."

देस्पिना त्याची मेहुणी. बायको नेवेना गेल्यापासून तिने स्तामेनचं तोंड पाहिलेलं नाही. त्याच्या मुलीनेही नाही. यावोरा तेव्हापासून स्पेनमध्ये, वालेन्सियाला, कुणा म्हातारीची देखभाल करते. कारण सगळ्या गावाला ठाऊक आहे: नेवेना दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती आणि नवरा टोपीत पीस खोचून रंगमंचावर तिसरा पाहुणा झाला होता. स्तामेनने यावर कधी एक शब्द काढला नाही. मीही नाही.

गेलो लोझेनला, चिकटवलं, आलो. चष्मा नसलेली एक बाई मोबाइल वर धरून फोटो काढत होती. देस्पिनासारखी वाटली. प्रसिद्धी वाईट नाही.

८ मार्च, शुक्रवार

महिला दिन. त्सोनकाबाईंना कार्नेशनची फुलं घ्यायला गेलो. फुलवालीने चुकून सहा बांधली. म्हटलं, बाई, जिवंत माणसाला द्यायचीत, एक काढा. सम फुलं मेलेल्याला वाहतात; तशी नेली तर त्सोनकाबाई मलाच शवपेटीत घालतील.

रंगीत तालीम. स्तामेन पेटीत, त्याचा फोन पेटीतच, आणि तो वाजतोय. तीनदा. त्सोनकाबाई किंचाळल्या, "मेलेल्या माणसाला फोन कुणाचा?" मी वाकून पाहिलं, परदेशी नंबर. हे विमा विकणारे स्मशानात तरी सोडतील का? स्तामेनने फोन छातीवर धरला, वाजायचा थांबेपर्यंत. मग खिशात टाकला. डोळे मिटलेलेच. चेहरा मात्र असा केला की अंगावर काटा आला. आता अभिनय जमायला लागलाय त्याला.

९ मार्च, शनिवार

सभागृह भरलं. दोनशे दहा.

लिहिवत नाही.

१० मार्च, रविवार

जसं घडलं तसंच लिहितो. नटवणार नाही.

पहिला अंक ठीक. स्तामेन तीनदा वाक्य विसरला, तिन्ही वेळा लोक हसले. दुसरा अंक उघडला. मध्ये पेटी, चार मेणबत्त्या, भोवती नातेवाईक बनलेले आमचे पोस्टमन आणि दंतवैद्य, कोट कोणी घ्यायचा यावर भांडताहेत. लोक लोटपोट. स्प्रिंग टोचत होती, पण काल मीही हसलो.

मागचं दार उघडलं. मला वाटलं, उशिरा आलेलं कुणी. मधल्या वाटेने एक बाई चालत आली. काळा कोट, हातात चाकांची बॅग, तिच्या दांडीला विमानाची पांढरी चिठ्ठी लोंबतेय. दुसऱ्या हातात फुलं. मी मोजली. काय कारण होतं मोजायचं? सहा होती.

यावोरा. नऊ वर्षांत केस पांढरे झालेत तिचे.

ती हसणाऱ्या माणसांकडे बघत होती. एका रांगेवरून दुसरीकडे. अंत्यदर्शनाला ही माणसं का हसताहेत, हे तिला उमगत नव्हतं. बॅग ओढतच ती पायऱ्या चढून रंगमंचावर गेली. दंतवैद्य बाजूला झाला. त्याला वाटलं, त्सोनकाबाईंनी ऐन वेळी पात्र वाढवलं. तिने फुलं स्तामेनच्या छातीवर ठेवली, वाकली, आणि कपाळाला ओठ लावले.

इथे त्याने शिंकायचं होतं. व्यापारी शिंकतो आणि बिंग फुटतं, असं नाटकात आहे.

तो शिंकला नाही. डोळे उघडून म्हणाला, "आलीस?"

हशा असा उसळला की छताची धूळ पडली. यावोरा मागे सरकली. मग तिने तीच फुलं उचलली आणि त्याच्या तोंडावर मारली, एकदा, दोनदा, देठं मोडेपर्यंत. "त्या दिवशीही नाटक! आजही नाटकच!" आवाज फाटला तिचा. दोनशे नऊ माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. दोनशे दहावा मी. मीही उठलो, तिला थांबवायला, पण स्प्रिंगने विजार धरली. झटका दिला, कापड फाटलं, तेवढ्यात ती बॅग घेऊन दाराबाहेर.

स्तामेन पेटीतून उतरत होता. "यावोरा, बाळा, थांब गं," म्हणत होता. एक पाय खाली आला, दुसरा आलाच नाही. पेटीसकट कोसळला. टाळ्या आणखी वाढल्या. कुणीतरी ओरडलं, "शाबास स्तामेन!" मी "थांबा, थांबा" म्हणून ओरडत होतो, आणि शेजारचा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुम्हीही आहात का नाटकात?"

त्सोनकाबाईंनी पडदा पाडला. पडद्याआडही ऐकू येत होत्या टाळ्या. उभ्या आयुष्यात त्याला एवढ्या मिळाल्या नव्हत्या.

११ मार्च, सोमवार

दवाखाना. डॉक्टरीणबाई माझ्यावरच डाफरल्या. "तुम्ही मित्र ना? पोटभर कॅन्सर घेऊन हा माणूस नाटक करतो आणि तुम्ही बघत बसता?" नोव्हेंबरपासून माहीत होतं त्याला. आता किती? त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "आठवडे म्हणू नका," म्हणाल्या.

पट्ट्याचं भोक, चहा, सॉसेज. आणि मी म्हणे निरीक्षणावर पोट भरणारा माणूस.

स्तामेन उशीवर वाळल्या पानासारखा पडलाय.

"फोन तिचा होता?"

"हो."

"आणि तू उचलला नाहीस, गाढवा!"

"उचलला असता तर माझा आवाज ऐकून ठेवून दिला असता तिने. जिवंत बापासाठी रजा मिळत नाही लेखकराव. मेलेल्यासाठी मिळते."

"म्हणजे माझं पत्रक…"

"पत्रक झकास होतं. पत्रकाला बोल लावू नकोस." बराच वेळ श्वास घेत राहिला. "वाटलं होतं, मला बघून आधी रागावेल, मग हसेल. लहानपणी हसायची तशी. हिशेब चुकला."

यावोरा लोझेनला देस्पिनाकडे आहे. शनिवारचं परतीचं विमान. दवाखान्यात यायला तयार नाही. निरोप पाठवला: एकदा रडून झालंय, पुन्हा नाही.

"तू सांग तिला काहीतरी," स्तामेन म्हणाला. "तुला शब्द सापडतात."

मी म्हणालो, सांगतो. समजुतीची तीन वाक्यं मनात जुळवली. तिन्ही निधनपत्रकासारखी झाली.

"आणि माझी कॉफी," तो डोळे मिटून म्हणाला.

"तुला पाणीसुद्धा चमच्याने सांगितलंय."

१२ मार्च, मंगळवार

पेटी परत केली, एक दिवस उशिरा. ओरखडा आहे. हरालांपीने त्यावरून फडकं फिरवलं.

आज लिहितोच.

नऊ वर्षांपूर्वी, मध्यंतर. वाचनालयाचा फोन कँटीनच्या काउंटरवर असतो. कॉफी उकळत होती आणि फोन वाजला. कुणी नव्हतं, म्हणून मी घेतला. दवाखान्यातली नर्स. स्तामेनचा मोबाइल बंद आहे, म्हणाली. त्याला लगेच पाठवा, नेवेना विचारतेय त्याला, फार वेळ नाही. सकाळी डॉक्टर म्हणाले होते, धोका टळला, दोन तासांनी काही बिघडत नाही. म्हणून तर तो आला होता.

मी विंगेत गेलो. तो आरशासमोर टोपीतलं पीस सरळ करत होता. दुसऱ्या अंकात त्याला दोन वाक्यं होती. आधी कधी एकाच्या वर मिळालं नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाला, "कॉफी कुठाय?" आणि मला ते सांगता आलं नाही. नर्सा वाढवूनच सांगतात, असं म्हटलं स्वतःला. चाळीस मिनिटांचा प्रश्न आहे, असं म्हटलं. खरं एवढंच, की पीस लावलेल्या माणसाला ते कसं सांगायचं हे मला सुचलं नाही. मला! ज्याला शब्द सापडतात त्याला.

पडदा पडल्यावर सांगितलं, फोन आत्ताच आला म्हणून.

त्याला हे माहीत नाही. माहीत असतं तर नऊ वर्षं माझ्याशेजारी बसला असता का?

१३ मार्च, बुधवार

लोझेनची बस पकडली. एक थांबा आधीच उतरलो आणि परत आलो.

स्तामेनने विचारलं, "भेटली?" मी म्हणालो, घरी नव्हती. "हं," म्हणाला. भिंतीकडे तोंड केलं.

१४ मार्च, गुरुवार

गावातली पत्रकं काढत फिरलो. कोमट पाण्याची बादली, खरवडणी. निधनपत्रक कुणी फाडत नाही आमच्याकडे, पाऊस नेईल तेव्हा नेईल, म्हणून बायका खिडकीतून ओरडल्या. "अहो, लाज वाटत नाही का? मेलेल्याचा कागद काढता!"

"मेला नाहीये तो!" मी ओरडलो. भर चौकात. "मेला नाहीये अजून!"

एकोणचाळीस. कपाळापासून सुरुवात केली तर डोळे शेवटपर्यंत बघत राहतात. म्हणून खालून, हनुवटीकडून.

आज त्याने मला ओळखायला वेळ घेतला. यावोराला उद्या सकाळची बस आहे, शनिवारी पहाटे सोफियाहून विमान.

१५ मार्च, शुक्रवार

पहिल्या बसने लोझेन. बादलीसकट. म्हटलं, काही नाही तर चाळिसावं तरी काढता येईल.

ती थांब्यावर बसली होती. बॅग, काळा कोट. पत्रक तिच्या डोक्याच्या वर. मी खरवडायला लागलो.

"राहू द्या की," ती म्हणाली. "खरं व्हायला किती दिवस उरलेत? पुन्हा छापायचे कष्ट वाचतील."

"यावोरा, तो…"

"काका, तुम्ही छान लिहिता. मला नका काही सांगू छान."

मग मी छान सांगितलं नाही. खरवडणी हातातच, पाणी बाहीतून कोपरापर्यंत उतरतंय, आणि भिंतीकडे बघत सांगितलं. कँटीन, फोन, नर्स, पीस. कारण दिलं नाही कुठलंच.



"किती वाजता आला होता फोन?"

"आठला दहा कमी."

"आणि नाटक संपलं?"

"साडेआठ उलटून गेले होते."

"आई सव्वाआठला गेली." मोजत असल्यासारखी म्हणाली. "दवाखान्यापर्यंत पायी दहा मिनिटं."

"हो."

"मी त्याला फोनवर विचारलं होतं तेव्हा. का नाही आलास म्हणून. तो म्हणाला, दोन वाक्यं होती गं माझी. एवढंच. तुमचं नावही घेतलं नाही."

"त्याला ठाऊक नव्हतं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी कधी कुणावर लिहिलेलं काहीही त्या नजरेच्या जवळपास येणार नाही.

बस आली. ती चढली, बॅग स्वतःच उचलली. ही बस वर्बोवोवरून सोफियाला जाते. मीही पायरीवर पाय ठेवला, तर ती ड्रायव्हरला म्हणाली, "हे नाही येत."

ड्रायव्हरने दार लावलं.

चौदा किलोमीटर चाललो. बादली फेकून द्यावी असं एकदाही वाटलं नाही. आश्चर्य आहे. वर्बोवोच्या थांब्यावर ती उतरली की पुढे गेली, हे विचारायला तिथे कुणी नव्हतं.

१६ मार्च, शनिवार

सकाळी दहाला वाचनालयाच्या कँटीनमध्ये गेलो. तोच काउंटर, तोच फोन. स्वतः कॉफी उकळली. दोन साखर. पेल्यावर बशी झाकली आणि चौक ओलांडून दवाखान्यापर्यंत चालत गेलो. दहा मिनिटं लागतात. खरंच दहाच लागतात.

खाटेशेजारच्या खुर्चीत यावोरा होती, कोट अंगावरच, मान एका बाजूला पडलेली, झोपलेली. उजव्या मनगटाला लाल-पांढरा दोरा. गाठ घाईची, एका हाताने किंवा थरथरत्या बोटांनी मारल्यासारखी.

स्तामेन जागा होता. त्याने ओठावर बोट ठेवलं. मग नाकपुड्या हलल्या.

"आली का?" इतक्या हळू, की मला वाकावं लागलं.

"आली."

"गार झाली असेल."

"नऊ वर्षं झाली," मी म्हणालो.

तो हसला की नाही, सांगता येत नाही. हात चादरीवरून थोडा सरकला. मी पेला त्याच्या तळव्यात दिला आणि बाहेरून माझे हात लावून धरला. त्याने प्यायली नाही. त्याला पिता येत नाही. नुसती धरली, वाफ संपेपर्यंत.

मग मी पेला खाटेशेजारच्या कपाटावर ठेवला आणि यावोरा उठायच्या आत निघून आलो.